जांभळीच्या डोहाची साक्ष

मुळशी धरणाच्या पाण्यावर भिकू गायकवाड तीस वर्षं होडी चालवत होता, आणि त्या पाण्याखाली काय आहे हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं.

बाप कोंडिबा. उंबरवडे गावचा येसकर. गावाची शीव दाखवायची, कुणाचं खाचर कुठं संपतं ते सांगायचं, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, ही त्याच्या घराण्याकडची कामं. तो विशीत असताना खाली धरणाची भिंत उभी राहिली, पाणी चढत चढत वर आलं आणि उंबरवडे त्यात गेलं. माणसं वर डोंगराच्या कडेला सरकली आणि तिथं नव्यानं वाड्या वसल्या. मुळा नदी त्याआधी ताम्हिणीकडच्या डोंगरातून उतरून मुकाट पुण्याच्या दिशेनं जायची. धरण झाल्यावर तिचं पाणी डोंगराच्या पोटातून उलट्या अंगाला, खाली कोकणात सोडलं, तिथं त्यावर वीज होऊ लागली. पुण्याकडं जायचं ते पावसाळ्यात भिंतीवरून सांडेल तेवढंच.

भिकूचा जन्म हे सगळं झाल्यावरचा. वाहती नदी त्यानं आपल्या गावात कधी पाहिलीच नाही. पण तो दहा-बारा वर्षांचा झाल्यापासून कोंडिबा त्याला होडीत घालून न्यायचा, मध्येच वल्हं थांबवायचा आणि विचारायचा, "आता आपन कुटं हाय?"

"पान्यावर."

"पानी सोड. खाली काय हाय?"

मग कोंडिबा बोटानं दाखवायचा. कैलासगडाचं टोक आणि त्याच्या अलीकडच्या टेकाडावरचं सावरीचं झाड एका रेघेत आलं, आणि मागं वळून पाहिल्यावर वाघजाईची खिंड उघडी दिसली, की खाली गावची चावडी. तिथून चार वल्ही पुढं गेलं की चिंचेचं बन. त्याच्या डाव्या हाताला पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची खाचरं, आणि खाचरं संपली की नदी. नदी कुठं वळते, कुठं खडकावरून उथळ पळते, कुठं खोल होते, हे सगळं भिकूनं पाण्याच्या वरूनच पाठ केलं. सगळ्यात खोल जागा म्हणजे जांभळीचा डोह. डोंगराची एक सोंड तिथं खाली उतरलेली आहे, तिला वळसा घालताना नदीनं खणून काढलेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी तिथं दोर सोडला तर दहा-अकरा परस जायचा. अकरा माणसं एकावर एक उभी करावीत इतकं खोल.

छप्पन साली त्यांच्या वाडीनं धम्म घेतला. कोंडिबानं मेलेली ढोरं ओढायचं त्या दिवसापासून बंद केलं. गावानं बरंच सुनावलं, पण तो हलला नाही. पुढं एकोणसत्तर साली तो गेला आणि तोवर बापाबरोबर वल्हवलेली होडी भिकूची झाली.

होडी म्हणजे दोन काठांमधला एकच रस्ता. बाजाराची माणसं, शाळामास्तर, अडलेली बाई, वैरणीचे भारे, कुणाचं लग्न, सगळं तिच्यातून जायचं. त्यातच एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात पलीकडच्या वाडीतला एक गुराखी म्हशीमागं पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. तीन दिवस पोहणारे लोक काठ धुंडाळत राहिले. भिकूनं विचार केला की, पावसाळ्यात ओढ्यांचं पाणी खालून जुन्या नदीच्या वाटेनंच धरणाकडं ओढतं, मग माणूसही त्याच वाटेनं जाणार. त्यानं तीन तोंडांचा लोखंडी आकडा दोराला बांधला, नदीच्या पहिल्या वळणावर सोडला आणि तासाभरात गुराखी वर काढला.

तेव्हापासून कुणी बुडालं की फौजदाराचा शिपाई भिकूच्या दारात यायचा. तेरा वर्षांत त्यानं अठरा माणसं काढली. त्याच्या हातचं पाणी न पिणारे लोक त्यानं आणलेलं प्रेत मात्र खांद्यावर घेऊन जायचे. त्याची बायको फुलाबाई यावर फार चिडायची.

"मामांजींनी ढोरं वडायची सोडली," ती म्हणायची. "गावाच्या शिव्या खाल्ल्या, पर सोडली. आन् तुमी आता मानसं वडताय. काय फरक राह्यला?"

"मानूस हाय त्ये. पान्यात सोडायचं का?"

"त्यांच्यात न्हाईत का हात? आकडा काय आपल्यालाच उचलता येतो?"

आकडा कुणालाही उचलता आला असता. कुठं टाकायचा ते भिकूलाच ठाऊक होतं. पण हे तो तिला म्हणाला नाही, कारण तिचंही खरंच होतं. प्रेत घेऊन आला की तो दोन दिवस जेवायचा नाही, आणि फुलाबाई त्याचे कपडे राखेनं धुऊन टाकायची.

सगुणा त्याच्या होडीत पहिल्यांदा बसली ती नवरी म्हणून. पिरंगुटजवळच्या भरे गावची, सोपान नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. सासर हैबतरावांचं. हैबतराव जुन्या उंबरवड्याच्या पाटलांपैकी, गाव बुडालं तरी वरच्या अंगाची जमीन राखून असलेले. त्यांच्या थोरल्या मुलाला, जयवंताला ती दिली होती. मुंडावळ्या बांधलेल्या त्या मुलीनं अर्ध्या वाटेत पाण्यात वाकून पाहिलं आणि सगळ्यांदेखत नावाड्याला विचारलं, "हितं खाली काय हाय वं?"

नवरीनं असं बोलावं याचं वऱ्हाडाला हसू आलं. भिकूनं मात्र सांगितलं, "चिंचंचं बन हाय, ताई."

पुढं माहेरी जाता-येता ती दर वेळी विचारायची. चार वर्षांत त्याची तिला अर्धी दरी सांगून झाली होती. मग तिचं माहेरी जाणं कमी झालं. मूल होत नव्हतं. घरात दुसरी आणायची बोलणी चालल्याचं बायका होडीत कुजबुजायच्या. एकदा तिचा डावा डोळा सुजून मिटलेला होता आणि तिनं पदर ओढून घेतला होता. त्या दिवशी तिनं खाली काय आहे ते विचारलं नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी भिकू होडीतलं पाणी उपसत होता. सगुणा हातात लहानसं गाठोडं घेऊन पळतच उतारावरून आली आणि थेट होडीत बसली.

"भिकूदादा, पल्याड सोडा. मी आन्नांकडं, म्हायेरी चाल्ले."

"एकलीच?"

"सोडा तुमी. मागून सांगते."

भिकूनं दोर सोडायला हात घातला. तेवढ्यात वर बांधावर जयवंत दिसला. तो धावत नव्हता. चालतच खाली आला, काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "भिक्या, दोर ऱ्हाऊ दे."

भिकूचा हात तिथंच राहिला. होडी काठापासून एक हातही लांब नव्हती, पण एक ढकल दिली असती तर पाण्यात गेली असती. ती ढकल त्यानं दिली नाही. हैबतरावांच्या बांधावरूनच त्याच्या वाडीची वाट होती, त्यांच्याच कुरणात त्याची शेरडं चरायची. हे सगळं त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं, की नुसताच हात गारठला, ते त्याला पुढं कधी ठरवता आलं नाही. जयवंतानं बायकोला दंडाला धरून उठवलं. ती ओरडली नाही. गाठोडं होडीतच राहिलं होतं, तेही त्यानं परत येऊन नेलं.

महिन्यानं, एप्रिलच्या मध्यावर, सगुणा नाहीशी झाली.

जयवंतानं सांगितलं की ती सकाळी धुणं घेऊन घाटावर गेली होती, पाय घसरला असणार. घाटावर धुण्याची पाटी आणि तिच्या चपला होत्या. दोन दिवस पोरांनी बुड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी फौजदार आला आणि त्यानं भिकूला बोलावलं. सोबत वल्हं मारायला बहिरू होता. तो भिकूचा चुलतभाऊ, हैबतरावांची जमीन वाट्यानं करायचा.

घाटाखाली काय आहे ते भिकूला तोंडपाठ होतं. पायरीपायरीची खाचरं, कमरेएवढ्या पाण्यापासून दोन परसांपर्यंत. तळ सपाट, गाळाचा. तिथं पडलेली सुई एक वेळ लपेल, पण माणूस लपत नाही. त्यानं वरच्या खाचरापासून आकडा ओढायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत एकही पट्टी सोडली नाही. काही लागलं नाही.

होडीत बसून तो विचार करू लागला. एप्रिलात ओढे आटलेले. खालून पाणी ओढत नाही. वारा नाही. इथं पडलेलं माणूस इथंच राहतं, तिसऱ्या दिवशी फुगून इथंच वर येतं. आलेलं नाही. म्हणजे ती इथं पडलेली नाही.

"बहिरू, डोहाकडं घे."

बहिरूनं वल्हं उचललं नाही. "तितं कशाला? फौजदार घाटावर बसलाय."

"घे म्हनतो तर."

"दादा, कशाला वढवून घेतुयास?"

मग भिकूनंच त्याच्या हातून वल्हं घेतलं. सोंडेला वळसा घातल्यावर घाट दिसेनासा झाला. कैलासगडाचं टोक आणि सोंडेवरचा पांढरा कडा त्यानं एका रेघेत आणला, मागं खिंड पाहिली आणि आकडा सोडला. दोर अकरा परस गेला. पहिल्या दोन ओढींना काही आलं नाही. तिसरीला दोर जड झाला.

ती वर आली तेव्हा बहिरूनं तोंड फिरवलं. तिच्या कमरेला बैलाचा कासरा होता, दोन वेढे देऊन मागं गाठ मारलेला, आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मसाला वाटायचा दगडी पाटा. भिकूनं पाटाही वर घेतला. तिच्या तोंडावरचे केस त्यानं बाजूला केले आणि डोक्याचं पटकूर सोडून त्यावर टाकलं.

"बघितलीस जागा?" त्यानं विचारलं.

"व्हय," बहिरू म्हणाला.

"गाठ बघितलीस? मागं हाय."

"व्हय रं दादा. चल आता."

काठावर पंचनामा झाला. पाटा पाहिल्यावर हैबतरावांच्या घरचं बोलणं बदललं. घसरून पडली म्हणत होते, ते आता म्हणू लागले की मूल नाही म्हणून तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता, घाटावरूनच तिनं दगड बांधून घेतला आणि पाण्यात शिरली. घाटाजवळ सापडली असती तर त्यावर कुणी काही बोलूही शकलं नसतं. फौजदारानं भिकूला बाजूला घेतलं.

"कुठं सापडली? नीट सांग."

"जांभळीच्या डोहात. घाटापासनं मैलभर. तितं पायी जायला वाट न्हाई सायेब, कडा हाय. होडीनंच जावं लागतं."

"स्वतः होडी घेऊन गेली असेल."

"मग होडी माघारी कुनी आनली? पाटलांची वैरनीची होडी खुंट्याला बांधलेली हाय."

फौजदारानं ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. भिकूनं अंगठा न उठवता सही केली. रात्रशाळेत शिकलेलं त्याचं नाव तेवढं त्याला लिहिता येत होतं. जयवंताला त्याच आठवड्यात अटक झाली आणि पुढं जामिनावर तो सुटून आला.

हैबतराव स्वतः भिकूच्या वाडीत आले, ते आयुष्यात पहिल्यांदा. अंगणाच्या कडेला उभे राहिले.

"भिकू, झालं त्ये झालं. ती काय माघारी येत न्हाई. पान्यात जागा चुकायला किती वेळ लागतो? चुकली आसं म्हन."

"न्हाई चुकली, पाटील."

"तुज्या बापानं आमच्या घरान्याची शीव राखली."

"म्हनून तर सांगतो," भिकू म्हणाला. "शीव खोटी सांगायची आमाला सवय न्हाई."

हैबतरावांनी आवाज चढवला नाही. परत जाताना ते बहिरूच्या दाराशी थांबले. फुलाबाईनं ते पाहिलं.

"आता लोकं होडीत बसायची न्हाईत," ती म्हणाली.

"न्हाई बसली तर न्हाई."

"म्या तुमाला मागं फिरा म्हनत न्हाई," ती म्हणाली. "यवढ्या दिसांत आज पयल्यांदा तुमी काय वडून आनलं त्ये मला कळलं."

खटला शहाऐंशी साली पुण्याच्या कोर्टात उभा राहिला. डॉक्टरांचा कागद एवढंच सांगत होता की मृत्यू बुडून झाला. प्रेत तीन दिवस पाण्यात होतं, अंगावरच्या खुणांचं नक्की काही सांगता येत नव्हतं. आरोपीचा वकील शांत, मऊ बोलणारा होता.

"तुमचा जन्म धरणाच्या आधीचा की नंतरचा?"

"नंतरचा."

"म्हणजे ही नदी तुम्ही तिथं पाहिलेली नाही."

"न्हाई."

"डोह पाहिला?"

"न्हाई. बापानं पायला. त्यानं मला दावला."

"पाण्यावरून?"

"व्हय."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. वकील हसला नाही. "वडील कुठं आहेत?"

"वारले."

"पाण्यावर काही खूण केली होतीत? बांबू रोवला, डबा सोडला?"

"खुना डोंगराच्या हायेत सायेब. गडाचं टोक आन् पांढरा कडा रेघंत आला, की..."

"नकाशा आहे?"

"मला दावता येतं. चला, आत्ता दावतो."

"विचारलं तेवढंच सांगा. नकाशा आहे का?"

"न्हाई."

त्याच्यानंतर बहिरूला बोलावलं. बहिरू पिंजऱ्यात उभा राहिला आणि लाकडी कठड्याकडं बघत बोलला. प्रेत काढताना मी होतो. पाटा होता. गाठ पुढं होती की मागं, ध्यानात नाही. जागा? "जागा मला सांगता यायची न्हाई. पानी सगळं सारखंच आसतंय. घाटाच्या जवळच आसंल."

भिकू त्याच्याकडं पाहत राहिला. बहिरू त्याच दरीत वाढलेला, त्याच कोंडिबाच्या होडीत बसलेला. चावडी कुठं आहे ते त्यालाही डोळे मिटून सांगता आलं असतं.

संशयाचा फायदा देऊन कोर्टानं जयवंताला सोडलं. पायऱ्यांवर सगुणाचा बाप सोपान बसला होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. भिकू त्याच्यापासून जरा लांब उभा राहिला. दोघांना एकाच एस.टी.नं जायचं होतं, पण सोपान दुसऱ्या गाडीनं गेला.

लोकांनी फुलाबाई म्हणाली होती तसंच केलं. हैबतरावांनी वैरणीची होडी माणसांसाठी सोडली आणि भिकूच्या होडीत बसायला कुणी येईना. त्याच्याच वाडीतली चार घरं यायची, तीही मान खाली घालून. शेरडांची वाट बंद झाली. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्याआधी एका सकाळी होडी पाण्याखाली बसलेली सापडली, तळाच्या दोन फळ्या कुऱ्हाडीनं फोडलेल्या. ती वर काढून डागडुजी करायची त्याला इच्छा राहिली नाही. पिरंगुटच्या बाजूला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. अशाच एका बांधकामावर राखणदार म्हणून तो लागला, आणि दोघं नवराबायको भऱ्याच्या वेशीबाहेर पत्र्याच्या खोलीत राहायला आली. तिथं पाणी हापशाचं होतं. पहिले काही महिने भिकूला झोपेतून उठल्यावर दिशा कळायच्या नाहीत.

भऱ्यातच सोपान होता. त्याला कळायला वेळ लागला नाही, पण यायला वर्ष लागलं. एक दिवस तो खोलीसमोर येऊन उभा राहिला. पार वाकला होता.

"मला ती जागा दावतोस का?" एवढंच म्हणाला.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात दोघं एस.टी.नं गेले. होडी नव्हती. भिकू बहिरूच्या दारात गेला. बहिरू अंगणात जाळं विणत बसला होता. आता वाट्याच्या जमिनीबरोबर मासे धरायची लहान होडीही त्याच्याकडं होती. भिकूनं काही विचारायच्या आत त्यानं सोपानकडं पाहिलं आणि समजला. आत जाऊन वल्हं घेऊन आला.

"दुपारनंतर वारा सुटतोय," तो खाली बघत म्हणाला. "काठानं जावा."

भिकू "बरं" म्हणाला. एवढंच बोलणं झालं.

पाणी बरंच उतरलं होतं. घाटाखालची वरची दोन-तीन खाचरं उघडी पडली होती आणि त्यांच्या गाळाला भेगा गेल्या होत्या. सोंड ओलांडून भिकूनं टोक आणि कडा जुळवला, खिंड पाहिली आणि वल्हं आत घेतलं.

"हितं," तो म्हणाला.

सोपाननं वाकून पाहिलं. पाणी काळंहिरवं, आत काहीच दिसत नव्हतं.

"खाली काय हाय?"

तोच प्रश्न. भिकू सावकाश सांगू लागला. नदी डाव्या हातानं येते. हा कडा तिला आडवा येतो, म्हणून ती इथं वळते आणि वळताना खोल होते. काठाला जांभळीची झाडं होती, सात की आठ. उन्हाळ्यात बायका इथं गोधड्या धुवायला यायच्या, कारण गावात सगळीकडं पाणी आटलं तरी इथलं आटायचं नाही. मोठा सपाट खडक होता, त्यावर वाळत घालायच्या. बाप सांगायचा, जांभळं पडून पडून खडक निळा व्हायचा.

सोपान ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "तिला पान्यात टाकली तवा जित्ती हुती का रं?"

भिकूला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या कागदात बुडून असंच लिहिलेलं होतं. कोर्टात ते मोठ्यानं वाचलं गेलं होतं, सोपानही तिथं होता. तरी तो विचारत होता.

"व्हय, आन्ना," भिकू म्हणाला. आणि मग, चार वर्षांत फुलाबाईलाही जे सांगितलं नव्हतं ते त्यानं सांगितलं. "म्हैनाभर आदी ती माज्या होडीत यऊन बसली हुती. तुमच्याकडंच निगाली हुती. जयवंत म्हनला दोर ऱ्हाऊ दे, आन् म्या ऱ्हाऊ दिला."

होडी हळूहळू फिरत होती, भिकूनं वल्ह्यानं तिला परत रेघेवर आणलं.

"ती माज्याकडं आली आसती," सोपान म्हणाला, "तर म्याबी तिला माघारीच धाडली आसती. दोनदा धाडली. दुसऱ्या बारीला तर मीच घालवायला आलो हुतो, तुज्याच होडीत."

भिकूला ते आठवलं. त्या दिवशी सोपान वाटेत लेकीशी एक शब्द बोलला नव्हता.

बहिरू म्हणाला होता तसा खिंडीकडून वारा सुटला, पाण्यावर सुरकुत्या पडू लागल्या. लहान होडीत दोन म्हातारी माणसं, थांबणं बरं नव्हतं. सोपाननं पाण्यात हात घालून ओंजळभर पाणी घेतलं आणि ते कुठं टाकावं हे न सुचून परत तिथंच सोडलं. भिकूनं वल्हं टाकलं आणि काठाकाठानं होडी घाटाकडं घेतली. वर हैबतरावांच्या अंगणात जयवंताच्या दुसऱ्या बायकोचं लहान मूल रांगत होतं. ते दोघांनाही दिसलं. वाटेला लागल्यावर एस.टी. चुकू नये म्हणून त्यांना जरा पाय उचलूनच चालावं लागलं.